पत्रे आणि कागदपत्रे

राजमती मगदूमच्या शेडमध्ये आम्ही शिरलो तेव्हा ती जमिनीवर फतकल मारून एका गोणीचं तोंड दाभणानं शिवत होती. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. त्यांच्या खडखडाटात तिला आमची चाहूल लागली नाही. माझ्यामागून आलेल्या नाईकवडीचा खाकी गणवेश नजरेस पडला तेव्हा कुठे तिनं मान वर केली, हात मात्र थांबवला नाही.

"पोस्टानं कशी काय वाट वाकडी केली?"

मी केळुसकर हे नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, ओळखपत्र पुढे धरलं. या गोण्या उघडून बघायच्या आहेत म्हटलं.

"पार्सलं हायती. पार्सल कुणीबी न्यावं. त्यावर पोस्टाचा हक्क न्हाई."

तिचं बोलणं कायद्याला धरून होतं, आणि तेच मला पहिल्यांदा खटकलं.

हे साल एकोणीसशे ब्याण्णव. रेंदवडी हे यंत्रमागाचं गाव ज्या उपविभागात येई, त्याचा मी डाक निरीक्षक होतो. दहा वर्षांच्या नोकरीत ते कलम तोंडपाठ असलेला माणूस मला खात्याबाहेर भेटला नव्हता. पार्सल, गठ्ठा, खोकं कुणीही कुठंही न्यावं. पण पैसे घेऊन पत्र पोचवण्याचा हक्क त्या काळी फक्त सरकारचा. कायदा इंग्रजांच्या वेळचा, पण होता. मी तो मानणारा माणूस.

पार्सलंच असतील तर उघडायला हरकत कसली, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग घातलेले टाके कातरीनं कापले आणि गोणी उचलून सरळ माझ्या पायांवर उलटी केली.

कापडाचे नमुने पडले, सुताचे चार कोन पडले, आणि त्यांच्या मागोमाग किनारीच्या चिंध्यांनी बांधलेले पाकिटांचे गठ्ठे. बंद पाकिटं. वर नाव, पत्ता, आणि तिकिटाच्या जागी तिच्या हातचा निळ्या शाईचा आकडा. नाईकवडी उकिडवा बसून मोजायला लागला. तीन गोण्यांत मिळून दोनशे चौदा निघाली.

नाईकवडी हा माझ्या हाताखालचा मेल ओव्हरसिअर, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, त्याच गावचा. येताना वाटेत त्यानं मला सगळी हकीकत सांगितली होती. राजमतीच्या आधी रेंदवडीत एकच कुरियर होतं, विहंग एक्सप्रेस. मुख्य रस्त्यावर काचेच्या दाराचं ऑफिस आणि तिथं एजंट म्हणून बसणारा अरविंद कुलगुडे. तो सांगेल तो दर. पाच वाजायच्या आत ज्यानं आपला माल स्वतः आणून दिला त्याचा गेला, उशीर झाला त्याचा दुसऱ्या दिवशी. मोठ्या कारखानदारांचं त्यात काही अडत नव्हतं. पण मागच्या गल्ल्यांत चार-चार माग टाकून बसलेले लोक होते. नमुना आणि सोबतचं पत्र सकाळी मुंबईच्या पेढीवर पोचलं नाही तर त्यांची ऑर्डर दुसऱ्याकडे जायची. राजमती लूना घेऊन त्यांच्या दारात जायला लागली. निम्मा दर. तिची दोन माणसं आळीपाळीनं संध्याकाळच्या एस.टी.नं मुंबईला जायची आणि बाजार उघडायच्या वेळी पेढीच्या पायरीवर हजर असायची.

कुलगुडेनं मग दर उतरवला. तोही सगळीकडे नाही. तिच्या चार गल्ल्यांपुरता. तिथं पाव दर, मुख्य रस्त्यावर जुनाच. तीन महिने तो तोटा सोसून बसला, तरी माणसं तिला सोडेनात, कारण ती दारात येत होती. तेव्हा त्यानं आमच्याकडे तक्रार केली. टाइप केलेली, कलमासकट.

हे ऐकून मी नाईकवडीला म्हटलं होतं की कुणाचा दर काय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, पत्रं निघाली की नाही एवढंच आपण बघायचं. तो 'होय साहेब' म्हणाला.

मोजणी संपेपर्यंत पाळी सुटायची वेळ झाली. एका बाजूचे माग थांबले आणि कामगार शेडच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आता बोललेलं सगळ्यांना ऐकू जात होतं, आणि राजमतीनं तेवढ्यासाठीच आवाज चढवला असावा.

"कुलगुडेच्या काचंच्या आत किती पत्रं पडल्यात, मोजलीसा कधी?"

"तक्रार आली तर मोजीन."

"तक्रार आली तर." ती उठून उभी राहिली. चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. "म्हंजे त्यानं छू म्हटलं म्हणून आलासा." मग ती लोकांकडे वळली. "बघा रं, पगार सरकारनं द्यायचा आणि राखण कुलगुडेच्या दाराची. असलं इमानी कुत्रं माझ्या बापाला जन्मात मिळालं न्हाई."

लोक हसले. मागून कुणीतरी बारीक आवाजात भुंकलं, तसे आणखी हसले. नाईकवडीनं मान खाली घातली. त्याच्या ओठांचे कोपरे हलल्याचं मला दिसलं.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. दहा वर्षांत मी कुणाच्या चहालासुद्धा ओशाळा नव्हतो. तपासणीला गेलो की डबा घरचा, पाणी घरचं. एकदा एका शाखा डाकपालानं घरी आंब्याची करंडी पाठवली, ती मी दुसऱ्या दिवशी बसनं परत नेऊन दिली. माझी बायको वर्षभर त्यावरून मला बोलत होती. ना जमीन, ना घर. कोकणातून आलेल्या मास्तराच्या मुलाकडे हे एवढंच होतं, आणि ते मी फार जपत होतो. त्या चाळीस-पन्नास माणसांसमोर तिनं नेमकं तेच काढून घेतलं. जाणूनबुजून नाही, तिला माझी माहितीच नव्हती. पण हे कळण्याइतका शांत मी तेव्हा नव्हतो.

मी खुर्चीवर बसून पंचनामा लिहिला: 'बंद पाकिटांतील पत्रे, नग २१४.' सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. तिनं ओळीवर बोट ठेवत सगळा वाचला, एका जागी थांबली आणि मगदूममधला दु दीर्घ करायला लावला. मी केला. मग तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती आमच्या ऑफिसात आली. हातात चार प्रतींतली तक्रार. अक्षर वळणदार, भाषा माझ्या कारकुनापेक्षा चोख. विहंग एक्सप्रेस ही कंपनी रोज शेकडो पत्रांची बेकायदा वाहतूक करते, तरी त्यांच्यावरही तीच कारवाई व्हावी जी माझ्यावर झाली, एवढाच आशय. प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ती जागची हलली नाही.

"आता तक्रार आली," ती म्हणाली. "आता बघू."

मी कागद वर पाठवला. आमचे अधीक्षक सरळ माणूस. लेखी तक्रार आहे तर जा आणि जे दिसेल ते लिहा, असं त्यांचं उत्तर आलं. माझ्यावर कुठूनही कसलाही दाब नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे गावानं बऱ्याच गोष्टी रचल्या.

विहंगच्या ऑफिसात आम्ही गेलो तेव्हा कुलगुडे उठून उभा राहिला. पस्तिशीचा, गोरा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. थंड काही मागवू का विचारलं, मी नको म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही. कपाटं स्वतः उघडून दिली. पाकिटांची तीन पोती भरली. नाईकवडी मोजत होता आणि मी टेबलापाशी बसलो होतो. सहाशे बारा भरली. तीच पाकिटं, तेच मुंबईचे पत्ते; फरक इतकाच की तिकिटाच्या जागी पक्ष्याचं चित्र छापलेली चिठ्ठी होती. दोन-तीन पाकिटं उजेडात धरली तर आतली 'सप्रेम नमस्कार'ची ओळ वाचता येत होती.

"साहेब, आमच्या भाषेत यांना डॉक्युमेंट म्हणतात," कुलगुडे म्हणाला. "कागदपत्रं. कंपनीचे वकील असंच म्हणतात. बाकी तुम्हाला दिसेल तसं लिहा." एवढं बोलून तो बाजूला झाला. त्यानं खिशात हात घातला नाही, घालेल असं वाटलंही नाही. माझ्याविषयी त्यानं चौकशी करून ठेवली असावी.

काचेच्या दारातून समोरचा रस्ता दिसत होता. पलीकडे लूना उभी करून राजमती उभी होती. तिच्याबरोबर तिच्या गल्लीतले पाच-सहा जण. ती हाताची घडी घालून आत बघत होती. शिक्षक परीक्षेच्या वर्गात बघतो तसं. कुणी आत आलं, दार उघडलं, आणि त्याबरोबर बाहेरून एक बारीक भुंकणं आत आलं. पुन्हा हशा. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं त्या माणसाला गप्प केलं नाही.

मी पेनाचं टोपण काढलं आणि पंचनामा लिहून टाकला.

नाईकवडी साक्षीदार म्हणून सही करायला वाकला. वाचता वाचता थांबला. "साहेब, इथं..." असं त्यानं सुरू केलं.

"सही करा," मी म्हटलं.

त्यानं केली. परतीच्या वाटेवर तो मोटारसायकलवर माझ्यामागे बसला होता, पण जणू बसलाच नव्हता.

खटले तालुक्याच्या कोर्टात उभे राहायला पाच महिने लागले. तोवर राजमतीनं पत्रं घेणं बंद केलं होतं. गल्लीतल्या लोकांना ती सांगायची, दोघांचा निकाल एकाच दिवशी लागणार आहे. दोघांनाही बंदी झाली तर कुलगुडे पण बसला. दोघांनाही सोडलं तर मी परत सुरू करते. मला काही जास्तीचं नको. हे मला नाईकवडीकडून कळत होतं. तो आता माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, पण तिच्याविषयी काही असलं की न विचारता सांगायचा.

पहिला पुकारा तिचा झाला. तिनं तालुक्याचाच एक तरुण वकील दिला होता. त्याचा सल्ला असा की पाकिटांत मालाची बिलं होती, पत्रं नव्हतीच, असं म्हणावं. कोर्ट कशाला एकेक फोडून बघतंय. तिनं त्याला बाजूला सारलं आणि न्यायाधीशांनी विचारायच्या आत बोलायला लागली.

"ती पत्रं हायती, साहेब. मी नेत होते. पोस्टातनं चौथ्या दिवशी पोचतात, माझ्याकडनं सकाळी पोचायची, म्हणून लोक द्यायचे. कायदा मला ठाऊक होता. गुन्हा असंल तर कबूल. फक्त माझं जे ठरंल ते माझ्या पाठोपाठ ज्यांचा नंबर हाय त्यांचंबी ठरू दे."

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी तिला दोनदा समजावलं की कबुली दिली तर शिक्षा होणार. ती हो म्हणाली. त्यांनी दंड केला, फार मोठा नाही, आणि यापुढे पैसे घेऊन पत्र नेलं तर याहून कडक होईल अशी समज दिली. ती बाकावर परत जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर हरल्याचं काही नव्हतं. उलट पुढं सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून, नाटकाचा पडदा वर जायची वाट बघावी तशी ती बसली होती.

विहंगच्या बाजूनं कोल्हापूरहून वकील आले होते. त्यांनी मला पिंजऱ्यात बोलावलं, पंचनामा माझाच ना विचारलं, आणि जप्त मालाची ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली.

मी वाचली. "बंद पाकिटांतील कागदपत्रे, नग ६१२."

मग वकिलांनी राजमतीचा पंचनामा मागवून घेतला आणि तीही ओळ मला वाचायला लावली. मी तीही वाचली. एकात पत्रे, एकात कागदपत्रे. दोन्ही अक्षर माझं, मधे नऊ दिवसांचं अंतर.

"आपण दहा वर्षं निरीक्षक आहात. पत्र कशाला म्हणायचं आणि कागदपत्र कशाला, हे आपल्याला कळतं?"

"कळतं."

"म्हणजे आपल्याला जे दिसलं, तेच आपण दोन्ही ठिकाणी लिहिलंत."

खिडकीपाशी पंखा फिरत होता. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते हात पुढे करावा तसं पाहत होते. तुमची चूक झाली असेल तर आत्ता सांगा, मी लिहून घेतो, असं. एका शब्दाचं काम होतं. विहंगची पाकिटं मी त्याच दिवशी पोच घेऊन परत केली होती, नाईकवडीची सही माझ्याच शब्दाखाली होती, तेव्हा माझ्या तोंडाशिवाय दुसरा पुरावा कुणाकडेच नव्हता. मी बाकाकडे पाहिलं. राजमती अजून तशीच पुढं सरकून बसली होती. तिला अजून समजलं नव्हतं.

"होय," मी म्हटलं. "दिसलं तेच लिहिलं."

मग तिला समजलं. ती हळूहळू मागं सरकली आणि पाठ भिंतीला टेकवून बसली.

विहंगचा खटला त्याच दुपारी निकालात निघाला. कागदपत्रं नेण्यावर कायद्याची बंदी नाही. कुलगुडेनं मला लांबूनच नमस्कार केला. मी तो घेतला नाही.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली ती उभी होती. मला चुकवून जाता आलं नाही, तशी वाटच नव्हती. ती आडवी आली नाही, ओरडली नाही. मी जवळून जाताना फक्त एक शब्द विचारला.

"किती?"

मी तसाच पुढे चालत राहिलो. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, कारण आणखी दोन वर्षं तो उपविभाग माझ्याकडे होता. नुसत्या पार्सलांवर तिचं भागेना. पत्राशिवाय नमुना पाठवून पेढीवाला काय करणार? लोकांनी नाइलाजानं दोन्ही विहंगकडे द्यायला सुरुवात केली. दिवाळीच्या सुमारास तिनं शेड सोडली, लूना विकली. दोन्ही माणसं दुसरीकडे कामाला गेली. कुलगुडेनं संक्रांतीपर्यंत पाव दर ठेवला आणि मग एका आठवड्यात तो जुन्या दराच्याही वर नेला, सगळीकडे एकच. गल्ल्यांतून माल उचलणं बंद. उन्हाळ्यात त्या चार गल्ल्यांतले माग एकेक करून थांबले. काहींनी ते मोठ्या कारखानदाराला विकले, काहींनी भंगारवाल्याला किलोवर दिले. गल्लीतून जाताना पूर्वी शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. आता माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू यायचा.

आणि गावानं ठरवून टाकलं की केळुसकरनं पैसे खाल्ले. आकडाही ठरला. तो दर महिन्याला वाढत गेला. चहाच्या टपरीवर मी पैसे पुढे केले की मालक हात जोडायचा, असू द्या साहेब, तुमच्याकडं कुठं सुट्टे असणार. कुणी म्हणायचं मी कोल्हापुरात फ्लॅट घेतलाय. माझ्या बायकोला बाजारात कुणीतरी विचारलं, वहिनी, कितव्या मजल्यावर? ती घरी येऊन रडली. मला राजमतीचा असा संताप यायचा की काय सांगू. एका पैशाला शिवलो नव्हतो आणि ही बाई गावभर सांगत फिरते. ज्याच्यावर खोटा आळ आला तो मीच, अशी माझी पक्की समजूत झाली होती, आणि त्या समजुतीवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

नाईकवडी निवृत्त झाला त्या दिवशी ऑफिसात पेढे आणि नारळ झाले. निघताना तो माझ्या टेबलापाशी आला. मला वाटलं पाया पडेल, तशी त्याची सवय होती. तो उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, एकतीस वर्षं नोकरी केली. खोटी सही एकदाच केली." आणि नारळ पिशवीत टाकून निघून गेला.

मीही यथावकाश निवृत्त झालो. बायको गेली. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे असतो. तिच्या दारात रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीचा माणूस काहीतरी देऊन जातो. मध्यंतरी वर्तमानपत्रात वाचलं की तो जुना कायदा रद्द झाला, नवा आला, आणि पत्र नेण्याचा सरकारचा एकट्याचा हक्क त्यात राहिला नाही. लहानशी बातमी होती, आतल्या पानावर. ती वाचल्यावर आठ दिवस मला दुसरं काही सुचेना. नवव्या दिवशी मुलीला न सांगता मी रेंदवडीची गाडी पकडली.

तिचं घर विचारत गेलो. सुनेनं दार उघडलं, ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या-पेला आणून ठेवला. राजमती बाहेर आली ती काठी टेकत. सत्तरी उलटलेली, केस पूर्ण पांढरे, पण उंची तीच. तिनं मला लगेच ओळखलं.

"केळुसकर," ती म्हणाली. नुसतं आडनाव. समोर बसली, काठी मांडीवर आडवी घेतली. "अजून हायसा म्हणायचं."

मी तिला बातमी सांगितली. तिला माहीत होती. नातवानं मोबाइलवर दाखवली होती. ती रागात आहे असं मला वाटेना. सत्तरीत राग कुठवर पुरणार, असं मी मनाशी म्हणत होतो. उलट तिनंच सुरुवात केली, आणि तिचा सूर जवळजवळ समजुतीचा होता.

"मी लई शिव्या दिल्या तुम्हास्नी," ती म्हणाली. "पुढं मग सोडून दिलं. म्हटलं, पोरगी हाय घरात, लग्नाची होईल, भाड्याचं घर हाय. कंपनीचा एवढा पैसा समोर आला तर देवबी डगमगंल. माणूस खातो, पोराबाळांसाठी खातो. माझा भाऊ असता त्या जागी तर त्यानंबी खाल्ला असता. असं म्हणून सोडून दिलं बघा."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पाणी पिऊन, नमस्कार करून उठायला हवं होतं. पण तीस वर्षं जे घेऊन फिरत होतो, ते सांगायला मी आलो होतो.

"मी एक पैसा घेतला नाही," मी म्हटलं. "कुलगुडेनं देऊही केला नाही. वरूनही कुणी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही लोकांसमोर मला कुत्रा म्हणालात आणि लोक हसले. त्याच्या ऑफिसात मी लिहायला बसलो तेव्हा तुम्ही समोर उभ्या होतात, आणि कुणीतरी परत भुंकलं. म्हणून मी तो शब्द लिहिला. दुसरं कारण नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली, ओळीवर बोट ठेवून वाचावं तसं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पैसं न्हाई घेतलं," तिनं खात्री करून घ्यावी तसं विचारलं.

"नाही."

"माझी शेड गेली. धोंडीबा, इस्माईल, माझी दोन्ही माणसं रस्त्यावर आली. चार गल्ल्यांतलं माग मोडीत गेलं. आणि कुणी एक रुपाया मोजला न्हाई."

मी मान खाली घातली.

"पैसं घेतलं असतं तर माझी कायतरी किंमत तरी झाली असती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही मला फुकट मारलासा."

मग ती काठीवर जोर देऊन उठली. माझ्यासमोरचा भरलेला पेला उचलला, ओसरीच्या कडेला गेली आणि त्यातलं पाणी अंगणात ओतून टाकलं. रिकामा पेला आत सुनेच्या हातात देताना तिनं सांगितलं, "पाहुणे निघालेत. दार लावून घे."